शास्त्रीय नाव तोडायचे कुठे आणि जोर द्यायचा कुठे?

वाचकांचे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या वेळी आलेल्या पत्रांत एकच अडचण निरनिराळ्या रूपांत दिसली. झाडाचे, किडीचे किंवा प्राण्याचे शास्त्रीय नाव पाहून लिहिता येते, पण चारचौघांत म्हणायची वेळ आली की जीभ अडते. म्हणून ही उत्तरे एकत्र देत आहोत. उत्तरांत रोमन वर्णांची नावे अवतरणांत दिली आहेत. ‘अक्षर’ हा शब्द वृत्त शिकताना वापरतात त्या अर्थाने घ्यावा, म्हणजे एक स्वर आणि त्याच्यासोबत एका दमात उच्चारली जाणारी व्यंजने.

कास पठारावर पर्यटकांना फुले दाखवतो. गेंदाचे शास्त्रीय नाव कोणी ‘एरिकोलन’ म्हणतो, कोणी ‘इरिओक्युलॉन’. टोपली कारवी आणि वायतुऱ्याचेही तेच. इंग्रजी फारसे न शिकलेल्या माणसाला बरोबर उच्चार काढता येईल अशी काही रीत आहे का?
(एक मार्गदर्शक, कास परिसर)

आहे, आणि तिच्यासाठी इंग्रजी लागत नाही. मूळ शब्द ग्रीक असो, अरबी असो की मराठी, शास्त्रीय नाव झाले की तो लॅटिनच्या नियमाने चालतो. लॅटिनमध्ये जोर कुठे पडणार हे लघु-गुरूवर ठरते, आणि लघु-गुरू तर आपण शाळेत वृत्तांचे गण पाडताना घोटलेले असतात.

आधी स्वर मोजा. रोमन ‘ए’, ‘ई’, ‘आय’, ‘ओ’, ‘यू’ आणि ‘वाय’ हे स्वरवर्ण. जितके स्वर तितकी अक्षरे, कारण लॅटिनमध्ये मुका स्वर नसतो. ‘एई’, ‘ओई’, ‘एयू’ आणि ‘ईयू’ या जोड्या मात्र सहसा मिळून एकच स्वर धरतात, आणि ‘क्यू’ नंतरचा ‘यू’ मोजायचा नाही. गेंदाच्या नावात ‘ई’, ‘आय’, ‘ओ’, ‘एयू’, ‘ओ’ असे स्वर ओळीने येतात. ‘एयू’ला एक धरले की अक्षरे पाच झाली: ए-रि-ओ-कॉ-लॉन. ‘एरिकोलन’ म्हणणाऱ्याकडून मधला ‘ओ’ गळतो आणि ‘इरिओक्युलॉन’ म्हणणाऱ्याकडून ‘एयू’ची उलटापालट होते. नावात दोन ग्रीक शब्द आहेत, एरिऑन म्हणजे लोकर आणि कॉलॉस म्हणजे देठ. ते माहीत असले तर मधला ‘ओ’ सांधा जोडणारा आहे हे कळते आणि तो गळत नाही.

मग व्यंजने वाटा. दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जाते. दोन असतील तर एक मागे, एक पुढे. ‘सीएच’, ‘पीएच’, ‘टीएच’, ‘आरएच’ हे लिहायला दोन वर्ण असले तरी व्यंजन एकच आहे, जसा आपला ‘फ’ किंवा ‘थ’. त्यांना कधी फोडू नका. क, ग, त, द, प, ब यांच्या लगेच मागून र किंवा ल आला तर तीही जोडी न फुटता पुढच्या अक्षरात जाते. म्हणून सीतेच्या आसवांचे नाव यु-ट्रि-क्यु-ला-रि-आ असे सहा अक्षरांचे होते. सुरुवातीला ‘युट-रि’ अशी तोड करू नये.

आता जोर. दोन अक्षरांच्या नावात तो नेहमी पहिल्यावर असतो. तीन किंवा जास्त अक्षरे असतील तर उपांत्य, म्हणजे शेवटून दुसरे अक्षर पाहा. ते गुरू असेल तर जोर त्याच्यावर. ते लघू असेल तर जोर एक घर मागे, शेवटून तिसऱ्यावर. त्याच्याही मागे तो कधीच जात नाही.

उपांत्य अक्षर तीन कारणांनी गुरू होते: त्याचा स्वर मुळात दीर्घ असतो, किंवा तो जोडस्वर असतो, किंवा त्याच्यापुढे दोन व्यंजने येतात. तिसरे कारण म्हणजे आपला ‘जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू’ हाच नियम. देवनागरीत लिहिताना जोडाक्षर पुढच्या स्वराला चिकटते, पण बोलताना त्यातले पहिले व्यंजन मागचे अक्षर बंद करते. ‘हस्त’ आपण हस्-त असाच म्हणतो. टोपली कारवीच्या प्रजातीचे नाव, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द, ‘स्ट्रोबिलँथिस’ असे लिहिले तरी उच्चारताना ते स्ट्रो-बि-लॅन्-थिस आहे. उपांत्य ‘लॅन्’ बंद झाला, म्हणजे गुरू झाला, म्हणजे जोर तिथे. पुढचे जातिनाव, म्हणजे दुसरा शब्द, से-सि-लिस. त्यात उपांत्य ‘सि’ लघू, म्हणून जोर पहिल्या ‘से’वर. गेंदात उपांत्य ‘कॉ’ जोडस्वराचा, म्हणून तो गुरू. सीतेच्या आसवांत उपांत्य ‘रि’च्या लगेच पुढे स्वर आहे. स्वरापुढचा स्वर लॅटिनमध्ये लघू धरतात, म्हणून जोर मागच्या ‘ला’वर गेला.

वायतुऱ्याचे नाव ॲ-पो-नो-जी-टॉन सा-ता-रेन्-सिस. पहिल्या शब्दात जोर ‘जी’वर, कारण ग्रीकमधल्या ‘शेजारी’ या अर्थाच्या शब्दातला तो दीर्घ स्वर आहे. दुसऱ्यात ‘रेन्’वर. ‘-एन्सिस’ म्हणजे ‘त्या गावचा’, आणि या शेपटाच्या प्रत्येक नावात जोर ‘एन्’वरच पडतो. साताऱ्याचे नाव मिरवणारी ही वनस्पती तुम्ही रोज दाखवता, तेव्हा तिचे नाव ‘सॅटॅरेन्सिस’ करण्याचे कारण नाही. गावाचे नाव गावात म्हणतात तसेच ठेवून पुढे ‘एन्सिस’ लावावे.

वृत्ताच्या सवयीमुळे एक चूक होऊ शकते. आपण ‘पत्र’मधला ‘प’ गुरू धरतो, पण त्र, द्र, ब्र, प्ल अशा जोड्यांआधीचे अक्षर लॅटिन गद्यात आपोआप गुरू होत नाही. मणक्याला ‘व्हर्टेब्रा’ म्हणतात, त्यात जोर पहिल्या ‘व्हर्’वर आहे, ‘टे’वर नाही.

आमचे सर कंदीलपुष्पाच्या प्रजातीला ‘सेरोपीजिया’ म्हणतात. एका परदेशी व्याख्यानात ‘केरोपेगिआ’ ऐकले. तोंडी परीक्षेत काय म्हणू?
(बीएस्सीची विद्यार्थिनी, कराड)

दोन्ही चालतात. सर इंग्रजी परंपरेने बोलतात, व्याख्याते अभिजात लॅटिनच्या पुनर्रचित उच्चाराने. दोन्ही उच्चारांत अक्षरे पाच आहेत आणि जोर तिसऱ्यावरच आहे. अक्षरांची संख्या आणि जोराची जागा या गोष्टी सर्व परंपरांत जवळजवळ सारख्या राहतात, बदलतो तो वर्णांचा रंग. ‘सी’ आणि ‘जी’ यांच्यापुढे ‘ई’, ‘आय’ किंवा ‘वाय’ आला की इंग्रजी परंपरा स आणि ज म्हणते, अभिजात परंपरा क आणि ग. ‘एई’ला इंग्रजीत ‘ई’, अभिजात उच्चारात ‘आय’सारखे म्हणतात.

नामकरणाचे नियम वनस्पतींसाठी वेगळे आणि प्राण्यांसाठी वेगळे आहेत, पण दोन्ही संहिता बंधन घालतात ते रोमन लिपीतल्या वर्णलेखनावर, म्हणजे स्पेलिंगवर. उच्चार त्यांनी मोकळा ठेवला आहे. त्यामुळे परीक्षेत ‘स’ की ‘क’ याची काळजी करू नका. एकाच उत्तरात ‘सेरोपेगिआ’ असे अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे मात्र करू नका. ऐकणाऱ्याला वर्णलेखन ओळखता येत नाही.

मराठी माणसाला सोयीची म्हणून आमची शिफारस अशी: स्वर मराठीसारखे उघडे ठेवा (आ, ए, इ, ओ, उ), ‘सीएच’चा क, ‘पीएच’चा फ, आणि ‘सी’-‘जी’ महाविद्यालयात रुळले आहेत तसे. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘पीएस’, ‘पीटी’, ‘जीएन’ यांतला पहिला वर्ण इंग्रजीत गिळतात, पेरूच्या प्रजातीला ‘सिडियम’ म्हणतात. आपल्याला ‘प्सिडियम’ म्हणणे जड जात नाही आणि त्यातून वर्णलेखनही लक्षात राहते. शेवटचा ‘ए’ मात्र पूर्ण ‘आ’ म्हणा. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ गळतो, त्या सवयीने हळदीचे ‘लाँगा’ हे जातिनाव ‘लाँग’ होऊन जाते.

पाचगणीच्या टेबललँडवरच्या एका छोट्या वनस्पतीचे नाव मुलांना सांगायचे आहे. त्यात ‘ओई’ आहे, म्हणजे ‘आयसीटिस’ ना?
(शिक्षिका, वाई)

नाही, आय-सो-ए-टिस. अक्षरे चार, जोर दुसऱ्या ‘सो’वर. ‘ओई’ बहुतेक ठिकाणी जोडस्वर असतो हे खरे, पण इथे ‘आयसो’ (समान) आणि ‘एटॉस’ (वर्ष) हे दोन ग्रीक शब्द शेजारी येऊन ‘ओ’ आणि ‘ई’ नुसते एकमेकांना लागले आहेत. सांध्यावर जुळलेले स्वर एक होत नाहीत. म्हणूनच काही पुस्तकांत इथल्या ‘ई’वर दोन टिंबे दिसतात. ‘हा स्वर वेगळा म्हणा’ अशी ती खूण. वनस्पतींच्या संहितेत ती चालते. प्राण्यांच्या नावांत कोणतेही चिन्ह चालत नाही.

हीच गोष्ट कोरफडीची. ‘ॲलो’ नव्हे, ‘ॲ-लो-ए’, तीन अक्षरे आणि जोर पहिल्यावर. कुमुदिनीच्या नावातही ‘-ओ-इ-डिस’ सुटे करावे: निम्-फो-इ-डिस. ‘-सारखा दिसणारा’ या अर्थाचे हे शेपूट शेकडो नावांत येते, आणि त्यातला ‘इ’ मुळात दीर्घ असल्याने जोर त्याच्यावर पडतो. ‘निंफॉयडिस’ हा इंग्रजी वळणाचा उच्चार कानावर येतो. कळायला अडचण नाही, पण एक अक्षर कमी होते.

‘ईयू’च्या बाबतीतही सावध राहा. निलगिरीच्या नावात, यु-का-लिप्-टस, सुरुवातीचा ‘ईयू’ एकच स्वर आहे. सदाफुलीच्या ‘रो-से-उस’ या जातिनावात मात्र ‘ई’ आणि ‘यू’ वेगळे, कारण तिथे ‘-उस’ हा प्रत्यय आहे. शेवटी ‘-ईयूएस’ किंवा ‘-ईयूएम’ आले तर जवळजवळ नेहमी दोन अक्षरे धरा. ‘ईए’ तर कायम दोन.

पाचगणीचे जातिनाव पाच-ग-नि-एन्-सिस. इथला ‘सीएच’ ग्रीक नाही, मराठी गावाचा आहे, म्हणून च. मुलांना हे जरूर सांगा: ग्रीक शब्दातला ‘सीएच’ क होतो, आपल्या गावातला आणि आडनावातला चच राहतो.

ऊस पट्ट्यात हुमणीवर मार्गदर्शन करतो. दोन किडींची आणि जैविक बुरशीची नावे वाचताना अडखळतो. शेतकरी ‘त्रायकोडर्मा’ सहज म्हणतात, मग ही नावे का जमत नाहीत?
(वाळवा तालुका)

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. ‘त्रायकोडर्मा’ म्हणताना कोणी ‘त्रायचोडर्मा’ म्हणत नाही. तिथला ‘त्रायको’ म्हणजे ग्रीकमधला केस, आणि हुमणीच्या नावात नेमका तोच शब्द आहे. तरी छापील नाव दिसले की ‘होलोट्रिचिया’ होते. ते हो-लो-ट्रि-कि-आ असे पाच अक्षरांत, जोर ‘ट्रि’वर ठेवून म्हणा. पुढे से-रा-टा, जोर ‘रा’वर. ‘होलो’ म्हणजे सगळा, सेराटा म्हणजे करवतीसारखी दातेरी.

दुसरी हुमणी ल्यू-को-फो-लिस ले-पि-डो-फो-रा. पहिल्या नावात ‘ल्यू’ हा जोडस्वर असल्याने जोर तिथेच पडेल असे वाटते, पण आपण पाहतो ते उपांत्य अक्षर. ते आहे ‘फो’. ‘पीएच’ हे एकच व्यंजन, स्वर लघू, म्हणून जोर एक घर मागे ‘को’वर. दुसऱ्या नावात त्याच कारणाने ‘डो’वर. ‘-फोरा’ म्हणजे धारण करणारी. लेपिडो म्हणजे खवला.

बुरशीचे नाव मे-टा-राय-झि-उम ॲ-नि-सॉ-प्लि-ई. दुसऱ्या शब्दाचे शेवटचे ‘एई’ एक अक्षर आहे, पण त्याआधीचा ‘आय’ वेगळा. बाटलीवर वाचताना लोक हे दोन्ही मिळवून ‘ॲनिसोप्ली’ करतात आणि एक अक्षर जाते. जोर ‘सॉ’वर ठेवला की शेवट आपोआप सुटा पडतो. लांब नाव अडते तेव्हा बहुधा जोर चुकीच्या जागी दिलेला असतो आणि मागची अक्षरे दबून जातात. आधी जोराचे अक्षर पेन्सिलीने अधोरेखित करा, मग नाव शेवटाकडून वाचत या: प्लि-ई, सॉ-प्लि-ई, नि-सॉ-प्लि-ई, ॲ-नि-सॉ-प्लि-ई. सभेच्या आधी एवढे दोनतीनदा मोठ्याने केले की पुरते.

२००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या उसावर लोकरी मावा आला, त्याचेही नाव शेतकऱ्यांना शिकवण्यासारखे आहे: से-रा-टो-व्हा-क्यू-ना ला-नि-जे-रा. जोर ‘क्यू’ आणि ‘नि’वर. ‘लाना’ म्हणजे लोकर, ‘-जेरा’ म्हणजे वागवणारी. अर्थ आपल्या ‘लोकरी’ या नावाशी तंतोतंत जुळतो, त्यामुळे एकदा सांगितले की विसरत नाही.

द्राक्षबागेतल्या डाऊनीच्या बुरशीचे जातिनाव कोणी ‘व्हिटिकोला’ असे ‘को’वर जोर देऊन म्हणतो, कोणी ‘टि’वर. स्पेलिंग बघून हे कसे ठरवायचे?
(बागायतदार, तासगाव)

जोर ‘टि’वर: व्हि-टि-को-ला. स्पेलिंग बघून मात्र इथे ठरत नाही, आणि लॅटिनमधली खरी अडचण हीच आहे. उपांत्य स्वरापुढे एकच व्यंजन असले तर तो स्वर दीर्घ की ऱ्हस्व हे रोमन लिपी दाखवत नाही. कासवरची दोन नावे शेजारी ठेवून पाहा. दवबिंदूचे ड्रॉ-से-रा आणि जांभळ्या मंजिरीचे पो-गो-स्टी-मॉन. दोन्हींत उपांत्य स्वर ‘ई’, दोन्हींत पुढे एकच व्यंजन. पण ग्रीकमध्ये पहिला ‘ई’ ऱ्हस्व आहे आणि दुसरा दीर्घ, दोघांना अक्षरेही वेगळी आहेत. म्हणून दवबिंदूत जोर ‘ड्रॉ’वर, मंजिरीत ‘स्टी’वर.

प्रत्येक नावासाठी ग्रीक शिकायची गरज नाही. जातिनावांची शेपटे मोजकी आहेत. ती पाठ केली की बहुतेक काम होते. -आटा, -आना, -ओसा, -आलिस, -आरिस, -उरा यांत उपांत्य दीर्घ, म्हणून जोर तिथेच: मोराचे क्रिस्-टा-टस, कारवीचे का-लो-सा. -फेरा, -जेरा, -कोला, -फोरा, -प्टेरा, -उला, -इडा यांत उपांत्य लघू, म्हणून जोर मागे: द्राक्षाचे व्हि-नि-फे-रा, आंब्याचे मॅन्-जि-फे-रा, दोन्हींत शेवटून तिसऱ्यावर. -इका बहुधा लघू: ‘इन्-डि-का’ आपण सगळे बरोबरच म्हणतो. पण लाजाळूचे जातिनाव पु-डी-का, तिथे ‘डी’ दीर्घ आणि जोर त्यावर. असे अपवाद भेटतील तसे वहीत टिपून ठेवावे.

उपांत्य स्वरापुढे ‘एक्स’ असेल तर विचार करायला नको. तो क् आणि स् मिळून होतो, म्हणून आधीचे अक्षर गुरू: पा-रा-डॉक्-सा.

भुईमुगावर हे सगळे एकदम तपासता येते. ॲ-रा-किस हाय-पो-जी-आ. पहिल्यात ‘सीएच’ एकच व्यंजन, त्यामुळे ‘रा’ गुरू होत नाही; जोर ‘ॲ’वर. दुसऱ्यात ‘एई’ जोडस्वर, त्यामुळे पुढे स्वर असूनही तो गुरूच; जोर ‘जी’वर. स्वरापुढचा स्वर लघू हा नियम एकट्या स्वराला लागतो, जोडस्वराला नाही.

आणि भुरीचे नाव ए-रि-सि-फे ने-का-टॉर. शेवटचा ‘फे’ म्हणायचाच, ‘एरिसिफ’ नव्हे.

शेवटी ‘ई’ असेल तर तो नेहमी म्हणायचा का? कोयनेच्या भेकाच्या नावात तो आहे.
(पाटण तालुका)

नेहमी. झॅन्-थो-फ्राय-ने कोय-ना-येन्-सिस. हा भेक १९६३ मध्ये ‘बुफो’ या प्रजातीत वर्णिला गेला आणि २००९ मध्ये सध्याच्या प्रजातीत आला, त्यामुळे जुन्या पुस्तकांत पहिले नाव वेगळे दिसेल. सोयाबीनच्या प्रजातीचेही असेच, ग्लाय-सि-ने, तीन अक्षरे. ‘ग्लायसीन’ हे अमिनो आम्ल वेगळे; तो इंग्रजी शब्द आहे आणि त्यातला ‘ई’ मुका आहे.

माणसांच्या नावांवरून केलेल्या जातिनावांत शेवटी कधी एक ‘आय’, कधी दोन. छपाईची चूक समजून एक काढून टाकावा का?
(मुद्रितशोधक, सांगली)

कृपा करून काढू नका. वनस्पतींत पुरुषाचे आडनाव व्यंजनाने संपत असेल तर साधारणपणे दोन ‘आय’ लागतात; ‘-ईआर’ने संपत असेल किंवा स्वराने संपत असेल तर सहसा एक. म्हणून कासच्या तेरड्यात लॉ-इ-इ आणि गेंदात सेज्-विक्-इ-इ अशी दोन, पण हूकर यांच्या नावावरून हु-के-री असा एक. दोन्ही ‘आय’ वेगळे उच्चारतात. इंग्रजी परंपरेत ‘इ-आय’, नाहीतर ‘इ-इ’. ते ऐकू आले तरच लिहिणारा दोन लिहितो, हा उच्चाराचा सरळ फायदा आहे.

आडनावाचा गाभा त्या माणसाच्या भाषेत असतो तसा ठेवावा. कंदीलपुष्पाच्या एका जातीला जैन यांचे नाव आहे, ते ‘जैन-इ-इ’. ‘जेनिआय’ म्हटले तर आडनावच हरवते. कवल्याच्या एका जातीला शंकर पुरुषोत्तम आघारकरांचे नाव आहे. तिथल्या ‘जीएच’चा घ मराठी माणसाने तरी घच म्हणावा: आ-घार्-क-रि-इ. जोर नियमाने ‘क’वर जातो. आडनाव आपण तसे म्हणत नाही, तेव्हा जोर हलका ठेवला तरी बिघडत नाही. अक्षरे पाचही आली पाहिजेत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ओळीच्या शेवटी नाव तोडायचे कुठे. अक्षराच्या सीमेवर तोडा, आणि जोडशब्दाचा सांधा माहीत असेल तर सांध्यावर. बोलताना आणि छापताना या सीमा कधीकधी वेगळ्या पडतात. पतंगवर्गाचे नाव बोलताना ले-पि-डॉप्-टे-रा, पण ‘लेपिडो’ (खवला) आणि ‘प्टेरा’ (पंख) हे त्याचे घटक, म्हणून छपाईत ‘प्टेरा’ अख्खा खाली गेलेला बरा. हेलिकॉप्टरमधला ‘प्टर’ हाच पंख आहे. ‘सीएच’, ‘पीएच’, ‘टीएच’ यांच्या मध्ये आणि ‘एई’ जोडस्वराच्या मध्ये रेघ कधी येऊ देऊ नका. एकटा वर्ण ओळीच्या टोकाला सोडू नका. प्रजातीचे आद्याक्षर एका ओळीत आणि जातिनाव पुढच्या ओळीत असेही नको. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस दिले की दोघे एकत्र राहतात.

तोडायची रेघ हाताने साधी टंकू नका, कंट्रोल आणि रेघ एकत्र दाबून पर्यायी रेघ द्या. साधी रेघ मजकूर हलला की ओळीच्या मध्येच राहते, आणि वनस्पतींत खरी रेघ असलेली नावेही आहेत. जास्वंदीच्या जातिनावात ‘रोझा’ आणि ‘सिनेन्सिस’ यांच्यामधली रेघ नावाचाच भाग आहे. वाचणाऱ्याला उपरी रेघही तशीच वाटते.

देवनागरीत दिलेले रूप केवळ वाचण्याच्या सोयीचे. अधिकृत नाव रोमन लिपीतच असते, त्यामुळे पहिल्या उल्लेखात रोमन नाव तिरप्या टायपात द्यावे, प्रजातीचे पहिले अक्षर मोठे, जातिनाव सगळे लहान अक्षरांत. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये रोमन नाव तसेच टाकले तर त्याचे देवनागरी चिन्हांत रूपांतर होऊन कचरा उमटतो. तेवढ्या शब्दांचा फाँट बदलावा आणि अंतिम मुद्रित रोमन वर्णागणिक मूळ यादीशी ताडून पाहावे. वर्डचा स्पेलिंग तपासनीस शास्त्रीय नावे ‘सुधारतो’, म्हणून तो त्या शब्दांपुरता बंद ठेवावा.

यादी मोठ्याने वाचताना नावापुढचे ‘एल.’, ‘एसपी.’, ‘एसपीपी.’ आणि फुलीचे चिन्ह कसे वाचायचे?
(निसर्गमंडळाची सदस्य, मिरज)

‘एल.’ म्हणजे लिनिअस. हळदीचे नाव त्यांनी १७५३ मध्ये दिले. बोलताना नामकर्त्याचे नाव सोडून द्यायला हरकत नाही, पण म्हणायचे तर ‘एल’ न म्हणता लिनिअस म्हणा. ‘एसपी.’ म्हणजे एकच, न ओळखलेली जाती, ‘एसपीपी.’ म्हणजे त्या प्रजातीतल्या अनेक जाती. दोन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘स्पीशीज’च म्हणतात आणि ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून मराठीत ‘एक जाती’ आणि ‘अनेक जाती’ असे वाचणे जास्त नेमके. ‘सीएफ.’ला ‘याच्याशी ताडून पाहा’ असे म्हणा. ती ओळख पक्की नसल्याची खूण आहे आणि गाळली तर नोंद चुकीची होते. फुली हे ‘एक्स’ अक्षर नव्हे, संकराचे चिन्ह आहे. तिथे ‘संकर’ म्हणावे आणि मग जातिनाव वाचावे.

कुळाच्या नावांपैकी वनस्पतींच्या ‘-एसी’ शेपटात खरे तर तीन अक्षरे आहेत, आ-से-ई, आणि जोर ‘आ’वर. गवताचे कुळ पो-आ-से-ई. प्राण्यांच्या ‘-इडी’त ‘इ’ लघू, म्हणून जोर त्याच्या मागे: मांजरकुळाचे फे-लि-डी, भेकांच्या कुळाचे बु-फो-नि-डी.